जांभळा मुकुट: बुडवू नये

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं आमचा दादा चारचौघांत सांगतो. असतो तर असतो. पण त्या आठवड्यात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत जे झालं, ते ऐकून कुणाचंही डोकं फिरलं असतं. माझं तर आधीच अर्धं फिरलेलं असतं.

त्या खोलीत टपाल तिकिटं तपासली जातात. वडिलांनी हे काम सुरू केलं, आता दादा करतो, आणि मी त्याच्या हाताखाली. जुनी तिकिटं जमवणारे लोक येतात, तिकीट अस्सल आहे का, धड आहे का, ते लिहून मागतात. काम दिसायला साधं आहे. काळ्या ट्रेमध्ये तिकीट पालथं ठेवायचं आणि ड्रॉपरनं द्रवाचे चार थेंब सोडायचे. द्रवाला पेट्रोलसारखा वास येतो, म्हणून खिडकी उघडी ठेवायची आणि आसपास काडी पेटवायची नाही. कागद भिजला की त्याच्या पोटातलं सगळं वर येतं. कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण, म्हणजे वॉटरमार्क, गडद दिसायला लागतो. आणि लोकांनी लपवलेले उद्योगही दिसतात. मागून खरवडून कागद पातळ झाला असेल तर काळा डाग. घडी पडलेली दाबून सरळ केली असेल तर काळी रेघ. फाटका कोपरा दुसऱ्या तिकिटाच्या तुकड्यानं सांधला असेल तर तो सांधा. हे सगळं आठ-दहा सेकंद. मग द्रव उडून जातो आणि तिकीट कोरडं, होतं तसं.

दादाची नजर यात तयार आहे, हे मी नाकारणार नाही. तिघा जाणत्यांच्या हातून सुटलेलं ठिगळ त्यानं एकदा नुसत्या थेंबभर द्रवात पकडलं होतं. तेव्हापासून आमच्याकडे जमणाऱ्या मंडळातले लोक त्याचा शब्द प्रमाण मानतात, आणि तेव्हापासूनच तो बिघडला.

वडिलांचे दोन नियम होते. एक म्हणजे, प्रमाणपत्रावर दोन सह्या. एक तपासणाऱ्याची, एक साक्षीदाराची. साक्षीदारानं ट्रेशेजारी उभं राहून स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि मगच सही करायची. बावीस वर्षं ती दुसरी सही माझी आहे. दुसरा नियम म्हणजे खिळ्याला टांगलेली वही. काही छपायांची शाई या द्रवात विरघळते. अशी तिकिटं बुडवायची नाहीत, त्यांची यादी त्या वहीत आहे. थेंब सोडण्याआधी वही बघायची. वडील चाळीस वर्षांनंतरही बघायचे. दादाला ती पाठ आहे म्हणे.

मंगळवारी सकाळी घड्याळवाले काका आले. दोन गल्ल्या सोडून त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. सत्तरी ओलांडलेली, गळ्यात दोरीला भिंग, आणि बोलताना समोरच्याच्या मनगटाकडे बघायची सवय. त्यांनी खिशातून घड्याळाचे सुटे भाग ठेवायची गोल डबी काढली. आत पातळ कागदात एक जांभळं तिकीट होतं.

मी ते लगेच ओळखलं. दादानंही ओळखलं, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

ते तिकीट काकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं. आमच्याकडे दर शुक्रवारी तिकिटं जमवणाऱ्यांचं मंडळ बसतं, तिथे काकू यायच्या. सहा वर्षांपूर्वी त्यांनी हे तिकीट आणलं आणि सांगितलं, यात मुकुट आहे. आता हे जांभळं तिकीट पोत्यानं सापडतं. त्याच्या कागदात वॉटरमार्क असतो ताऱ्याचा. पण अगदी सुरुवातीला काही ताव मुकुटाच्या जुन्या कागदावर छापले गेले, असं म्हणतात. तसं तिकीट आमच्यापैकी कुणीच डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. काकू म्हणाल्या, मी रोज उजेडात धरून बघते, काळ्या कागदावर तिरपं ठेवून बघते, मुकुटच आहे. मंडळ म्हणालं, बुडवून दाखवा. तर त्या म्हणाल्या, बुडवू देणार नाही, त्या पहिल्या छपाईची शाई वेगळी होती, ती द्रवात जाते.

दादा खुर्चीतून उठला आणि कमरेत वाकून म्हणाला, "मग राणीसरकार, न दिसणाऱ्या मुकुटाला आम्ही मुजरा करायचा तरी कसा?"

खोली हास्यानं दणाणली. मंडळातले दातांचे डॉक्टर तर खुर्चीवरून पडायचे बाकी होते. तेव्हापासून काकूंचं नाव राणीसरकार पडलं. समोर नाही, मागे. पण मागे ठेवलेलं नाव पुढे पोचतंच. काकू तिकीट डबीत घालून उठल्या आणि पुन्हा कधी आल्या नाहीत. गेल्या वर्षी त्या गेल्या.

"विकायचंय का?" दादानं काकांना विचारलं.

"छे हो. विकायचं कशाला?" काकांनी डबी दोन बोटांनी पुढे सरकवली. "आजारी होती तेव्हासुद्धा तिचं एकच म्हणणं, माझं खोटं नव्हतं हो. मी म्हणायचो, मला माहीत आहे. तर म्हणायची, तुम्हाला माहीत असून काय उपयोग? तुम्ही नवरा. मंडळानं म्हणायला हवं."

दादानं डबी स्वतःकडे ओढली.

"तेवढं कागदावर लिहून हवंय," काका म्हणाले. "मुकुट असेल तर मुकुट. नसेल तर नसेल, मी तेही ऐकून घेईन. आणि बुडवू नका हं. तिनं बजावून ठेवलंय." डबीच्या झाकणात एक चिठ्ठी होती. काकूंचं बारीक, सरळ अक्षर: याला द्रव लावू नये.

"काका, तुम्ही घड्याळ उघडता तेव्हा मी येऊन शिकवतो का?" दादा हसून म्हणाला. काका ओशाळले. तेव्हा जरा नरमून तो म्हणाला, "बरं, उजेडातच बघू. शुक्रवारी या."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. उजेडातच बघू. शब्द दिला होता त्यानं.

बुधवारी सकाळी मी ट्रे पुसून ठेवला. दादानं एकामागून एक पाच तिकिटं बुडवली, मी शेजारी उभी राहून नोंदी घेतल्या, आणि सहावं म्हणून त्यानं ते जांभळं उचललं.

"दादा, हे काकांचं."

"माहीत आहे."

"उजेडात बघतो म्हणालास."

"अगं, ताराच आहे. जन्मात हजार बुडवलीत असली. चार थेंबांत निकाल लागेल, उगाच दिवस कशाला घालवायचा?"

"निदान वही तरी बघ."

"ताऱ्याला वही कशाला लागते?"

आणि सोडले थेंब. इथेच मला अजून चीड येते. त्याला वाटत होतं तारा आहे, म्हणून त्यानं बुडवलं. मुकुट असू शकतो असं क्षणभर मानलं असतं, तर हात थांबला असता. एका बाईचं म्हणणं खरं असू शकतं, एवढंच मानायचं होतं. तेही त्याच्याच्यानं झालं नाही.

कागद भिजला आणि मुकुट वर आला. मी पाहिला. पाच टोकं, मधल्या टोकावर गोळा, खाली पट्टा. इतका स्वच्छ, की आंधळ्यानंही सांगावं. दादा ट्रेवर वाकला. मी म्हटलं, "दादा, मुकुट!" आणि तेवढ्यात तिकिटाच्या कडांभोवतीचा द्रव जांभळा व्हायला लागला.

त्यानं चिमट्यानं झटकन उचललं, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. तिकीट सुलटं केलं तर रंग निम्म्याहून जास्त उडालेला. दर धुण्याला रंग सोडत आलेल्या जुन्या सदऱ्यासारखा फिका. एक घडी नाही, कुठे पातळ जागा नाही, दातेरी कड चारही बाजूंनी शाबूत. चार पिढ्या धड राहिलेल्या तिकिटात एकच दोष निघाला, आणि तो आमच्या टेबलावर तयार झाला.

दादानं कापसानं ट्रे पुसला. तो जांभळा कापूस केराच्या टोपलीत टाकला आणि वर वर्तमानपत्राचा कागद ठेवला. खोलीत आम्ही दोघंच होतो, तरी वर कागद ठेवला. मी खिळ्यावरची वही काढून शेवटचं पान त्याच्यापुढे उघडलं. वडिलांचं अक्षर होतं. जांभळा, मुकुट: बुडवू नये.

"ऐकीव असेल," तो म्हणाला. "त्यांनी तरी कुठे पाहिला होता?"

"आता तू पाहिलास ना?"

त्यानं प्रमाणपत्राचा कागद ओढला आणि लिहायला लागला. मी खांद्यावरून वाचलं. रंग पूर्वीच फिकट झालेला. रसायनाचा संपर्क आला असावा. वॉटरमार्क अस्पष्ट, मत देता येत नाही. खाली स्वतःची लफ्फेदार सही. मग कागद माझ्याकडे सरकवला.

"सही कर."

"कशावर?"

"नेहमी करतेस तिथे."

माझ्या अंगाची नुसती लाही झाली. रंग घालवला तो घालवला, एक वेळ चूक म्हणू. चुकत नाही असा माणूस नाही. पण मुकुट दिसलेला असताना अस्पष्ट? आणि रसायनाचा संपर्क आला असावा म्हणजे काय? काकूंनी कशात तरी बुडवलं असेल असं सुचवायचं? जी बाई लोकांचं हसू सोसून घरी निघून गेली, पण तिकीट बुडवू दिलं नाही, तिच्याच माथी? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

"मी यावर सही करणार नाही," मी म्हटलं. "मला दिसलं ते लिही, मग करते."

"म्हणजे मीच बरबाद केलं म्हणून लिहू? उद्यापासून कोण तिकीट देईल इथे? वडिलांचं नाव आहे या कामाला."

"वडिलांचं नाव त्या वहीत आहे. ती तू उघडलीसुद्धा नाहीस."

आवाज चढले तशी वहिनी आतून आली. तिला सगळं सांगितलं. ती दोघांकडे बघून म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या बाई तर गेल्या. आता कुणाला काय फरक पडतो?"

"काकांना पडतो," मी म्हटलं.

"म्हाताऱ्या माणसाचं काय, दोन दिवस हळहळतील." वहिनी वाईट नाही. दुसऱ्याच्या घरचं दुःख तिला लहान दिसतं, एवढंच. माझ्या खांद्यावर हात ठेवून ती म्हणाली, "घरातलं घरात राहू द्या, वन्सं."

मी सही केली नाही. गुरुवारचा अख्खा दिवस दादा माझ्याशी बोलला नाही. मीही भांडी जरा जास्तच आपटली.

शुक्रवारी मंडळ जमलं. दातांचे डॉक्टर, वकीलसाहेब आणि आणखी चौघं-पाचजण. काका दारात आले तसं डॉक्टरांनी वकीलसाहेबांना कोपरानं ढोसलेलं मी पाहिलं. काका इस्त्रीचा सदरा घालून आले होते. दादानं उठून, फार अदबीनं, त्यांना डबी आणि कागद दिला.

काकांनी कागद बाजूला ठेवला. भिंग डोळ्याला लावून आधी तिकीट बघितलं. घड्याळाच्या आतलं केसाएवढं चाक बघणारा माणूस तो. बराच वेळ बघून त्यांनी भिंग काढलं.

"हा रंग असा नव्हता."

"जुनी तिकिटं, काका. काळानं होतं," दादा म्हणाला.

"मंगळवारी नव्हता."

"तुमच्या नजरेला वाटलं असेल तसं." मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं तो म्हणाला, "वॉटरमार्कबद्दल खात्रीनं काहीच सांगता येत नाही. मी तसं लिहिलंय."

"म्हणजे मुकुट हरवला म्हणायचा," डॉक्टर हळूच म्हणाले, आणि कुणीतरी खुदकन हसलं.

काकांनी कागद हातात घेतला. वाचता वाचता त्यांची मान खाली खाली गेली. मी जिथे उभी होते तिथून मला त्यांची कानशिलं लाल झालेली दिसत होती.

"तो खोटं बोलतोय," मी म्हटलं.

दादा म्हणाला, "आत जा." पन्नाशीच्या बहिणीला, चारचौघांत, आत जा! मग मी काहीच झाकून ठेवलं नाही. शब्द दिला होता, वही बघितली नाही, थेंब सोडले, मुकुट आला, रंग गेला, कापूस टोपलीत गेला, सगळं तारीखवार सांगितलं. "माझी सही बघा त्या कागदावर," मी म्हटलं. "आहे का?"

वकीलसाहेबांनी कागद घेतला. दुसऱ्या सहीची जागा रिकामी होती. बावीस वर्षांत प्रथमच.

"हिचं डोकं फिरलंय," दादा म्हणाला. "एकीचा शब्द, एकाचा शब्द. पुरावा काय?"

खरं होतं ते. पुरावा त्या तिकिटाच्या पोटात होता. नुसतं उजेडात धरून या मंडळाची खात्री पटणार नव्हती, म्हणजे तो बाहेर काढायची वाट एकच होती. मला ती सुचली होती, पण तोंडातून निघेना.

काकांनीच विचारलं. "पुन्हा बुडवलं तर दिसेल?"

"दिसेल," मी म्हटलं. "पण उरलेला रंगही जाईल, काका. कोरा कागद हातात येईल. काकू एवढी वर्षं जपत होत्या..."

"किती वेळ दिसेल?"

"आठ-दहा सेकंद."

काकांनी डबीकडे बघितलं. "ती तिकीट जपत नव्हती हो," ते म्हणाले. "खरं काय ते जपत होती. कुणी मानलं नाही म्हणून तिकीट जपावं लागलं." मग खुर्ची ट्रेपाशी ओढून म्हणाले, "बुडवा. पण तुम्ही नाही. यांना बुडवू द्या."

दादानं तिकीट ट्रेमध्ये पालथं ठेवून ड्रॉपर घेतला. सगळे ट्रेवर वाकले. मीही वाकले. थेंब पडले, आणि काळ्या ट्रेमध्ये मुकुट आला, पाचही टोकांचा, मधल्या टोकावर गोळा. "अरेच्चा," वकीलसाहेबांच्या तोंडून निघून गेलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

काकांनी ट्रेकडे बघितलंच नाही. ते दादाच्या तोंडाकडे बघत होते.

"काय आहे?" त्यांनी विचारलं.

दादानं ड्रॉपर खाली ठेवला.

"सांगा ना. जातंय ते."

"मुकुट," दादा म्हणाला.

"मोठ्यानं."

"मुकुट आहे."

मग द्रव उडाला. ट्रेमध्ये जांभळी कड उरली आणि मधे दातेरी कडांचा पांढुरका चौकोन. काकांनी तो स्वतःच्या चिमट्यानं उचलून डबीत ठेवला, आधीसारखाच पातळ कागदात गुंडाळून.

नवं प्रमाणपत्र मी लिहिलं. वॉटरमार्क मुकुट, निःसंशय. दोषाच्या रकान्यात लिहिलं, रंग पूर्ण गेलेला, कारण तपासणाऱ्याची चूक. मालकाच्या जागी काकूंचं पूर्ण नाव घातलं. दादानं न वाचता सही केली. मी केली. डॉक्टरांनी स्वतःहून पुढे येऊन समासात सही केली, वकीलसाहेबांनीही केली. मला वाटलं, आता कुठे मी वडिलांची मुलगी शोभले. छाती इंचभर वर आली होती माझी.

काकांना सोडायला मी जिन्यापर्यंत गेले. त्यांनी कागदाची घडी केली नव्हती, दोन्ही हातांत आडवा धरला होता.

"तुम्ही बोलणार हे मला माहीत होतं," ते म्हणाले. "ती नेहमी सांगायची. त्या दिवशी अख्खी खोली हसली, पण ती बहीण तेवढी हसली नाही. तोंडावर हात ठेवून बसली होती बिचारी, वाईट वाटून. शेवटपर्यंत लक्षात ठेवलं होतं तिनं तुम्हाला."

मी हसले होते. दादानं मुजरा केला तेव्हा मला हसू आवरेना, म्हणून मी तोंडावर हात दाबून धरला होता. मागून ते नाव घेण्यातही मी होतेच. दादाचं आठ-दहा सेकंदांत सगळ्यांसमोर बाहेर आलं. माझं कशातही बुडवून दिसणार नव्हतं, ते मीच सांगायला हवं होतं.

काका एकेक पायरी जपून उतरत होते. वळणावर थांबून त्यांनी कागद दुसऱ्या हातात घेतला. अजून हाक मारता आली असती.

"जपून जा, काका," मी म्हटलं, आणि दार लावून घेतलं.